नेट बॉलर, रोज चारशे

त्यांच्या देशाचं नाव मी आधी जर्सीवर वाचलं,
मग जिनिंगच्या ऑफिसातल्या नकाशात शोधलं.
निळ्या शाईवर माशी बसून गेल्यागत सहा ठिपके.
दिवाणजी उबाळे चष्मा सावरत म्हणाले,
अख्खा देश आपल्या घनसावंगीत मावंल लेका,
वर बैलबाजार भरायला जागा उरंल.

पात्रता स्पर्धेच्या आधी तीन आठवडे
ते जालन्याला आले, फिरकी खेळायला शिकायला.
काळ्या मातीची भेगाळलेली खेळपट्टी, मार्चचं ऊन,
आणि माझ्यासारखे चार डावखुरे,
चारशे रुपये रोज, दुपारचं जेवण त्यांच्यातच.

त्यांचा कप्तान बोट चालवतो, बेटावरून बेटावर माणसं सोडतो.
यष्टिरक्षक चौथीच्या वर्गाला शिकवतो.
दोघांना रजाच मिळाली नाही, ते आलेच नाहीत.
एकाची बायको दिवसात होती,
तो पॅड बांधून फोनकडं बघत बसायचा.
आणि सलामीचा लोटे,
पहाटे तीनला बेकरीची भट्टी पेटवणारा.
त्याच्या मनगटावर भाजल्याचे डाग
शिवणीवरच्या टाक्यांसारखे एका ओळीत.

मोसंबी ते सालीसकट चावायचे.
कडू लागली की हसायचे, आणि पुन्हा चावायचे.

माझ्याकडं एकच चेंडू आहे.
बाहेर वळेल वाटतो, वळत नाही, सरळ आत शिरतो.
कुणी शिकवला नाही. अंबडला चषकात त्यानं पाच गडी काढले.
जिल्हा निवडीत तो कुणी पाहिला नाही,
माझा नंबर येईस्तोवर साहेब जेवायला गेले होते.

लोटे बॅट वर उचलून तो सोडून द्यायचा.
टक्. ऑफ स्टंप.
पहिल्या दिवशी सातदा. सातव्यांदा
त्यानं आमच्या पोरांकडून ऐकलेले दोन शब्द
तोंडात घोळवून बघितले:
पुन्हा टाक.

कप्तानानं एकदा विचारलं, तू कुणाकडून खेळतोस?
इंग्रजी मला अर्धंच कळलं.
म्हणालो, रविवारी.

रात्री सायकलवर विचार यायचा,
जालना जिल्हा देश असता तर?
पात्रता फेरीत आपण असतो, पाठीवर नाव असतं.
पण राष्ट्रगीत कुणी लिहायचं यावरून
अंबड आणि भोकरदनची जुंपली असती,
आणि टॉस होईपर्यंत विमान निघून गेलं असतं.

सामना रात्री अडीचला, आपल्या घड्याळात.
मी गठाणींच्या थप्पीवर चढलो, तिथंच तेवढी रेंज येते.
लोटे एकसष्टवर. नऊ धावा हव्या, सात चेंडू.
समोर त्यांचा डावखुरा.
कॅमेरा जवळ गेला, मला त्याची बोटं दिसली,
शिवण उभी नव्हती, अंगठा मागं होता.
खेळ! खेळ ना बे! मी ओरडलो,
वॉचमन हिरामण काठी घेऊन धावत आला.
लोटेनं बॅट वर उचलली.

पडद्यावर गोल फिरत राहिला.

चित्र आलं तेव्हा तो परत चालला होता,
हातमोजे काढत, भट्टीपासून दूर होताना काढावेत तसे.
चार धावांनी गेले. पुढची पात्रता दोन वर्षांनी,
तोवर बोट, वर्ग, पाव.

गुरुवारी फोनवर आवाज आला, चार सेकंदांचा.
मागं कुठंतरी लोखंडी दार आपटलं.
पुन्हा टाक.
जिनिंगच्या घरघरीत कानाला लावून
मी तो अकरा वेळा ऐकला.

रविवारी मैदानावर गेलो.
लग्नाचा मांडव काढून नेला होता,
नेमका गुडलेंथवर बांबूचा खड्डा.
एक स्टंप रोवला, फोन विटेला टेकवला, व्हिडिओ चालू.
चेंडू खड्ड्याच्या काठावर आपटून
थेट पाण्याच्या टाकीकडं गेला.

तो पाठवला नाही.
चेंडू आणला, पँटीला पुसला.