जोण

रात्रपाळीला मी एकटा.
दर तासाला काटे वाचायचे, वहीत उतरवायचे,
शेऱ्याच्या रकान्यात लिहायचं : काही नाही.
काणकोणच्या या सबस्टेशनात ट्रान्सफॉर्मरची गुणगुण
इतकी अंगवळणी, की घरी गेलो की शांतता टोचते.

फळ्यावर पणजीहून आलेलं वाटपाचं पत्रक.
कोळशाची इतकी, कैग्याची इतकी, तारापूरची इतकी,
दशांश चिन्हापुढे दोन-दोन आकडे,
वाटणीला बसलेल्या भावांसारखे.

आजोबा कोमुनिदादीचे गांवकार.
वर्षातून एकदा कोट चढवून जोण आणायला जायचे.
हातात पडायचे तीन रुपये, पाच तांगे.
पण बांध फुटला तर याच माणसांनी
मध्यरात्री कमरेएवढ्या चिखलात उतरायचं,
हे त्या तीन रुपयांतच धरलेलं असायचं.
दिल्लीहून येणाऱ्या जोणीत
ते कलम मी शोधतो आहे.

मार्चमध्ये पत्र आलं :
राज्याने आपली वीज आपण करण्याचा विचार करावा.
अणुभट्टी. लहान. जागा सुचवावी.
‘लहान’ हा शब्द एका पानात चार वेळा.

मग जीप, तिपाई, नकाशा,
आणि वाट दाखवायला मी, कारण मला सडा ठाऊक.
हैदराबादच्या एक बाई होत्या, उन्हाने लाल झालेल्या,
जांभ्यावर गुडघा टेकून त्यांनी दगड वाजवून पाहिला
जसा आम्ही फणस वाजवतो.
कुष्टा वेळीप काजूच्या सावलीत बसून बघत होता.
बाईंनी विचारलं, जमीन कुणाची?
तो म्हणाला, देवाची. कसतो आम्ही.
त्यांनी तेही लिहून घेतलं. रकाना नव्हता, समासात लिहिलं.

मग कुष्टाने विचारलं राखेबद्दल.
कुमेरीच्या माणसाला राख कळते :
रान जाळायचं, राख थंड होऊ द्यायची, मग नाचणी पेरायची.
"तुमची राख कितल्या दिसांनी निवता?"
बाई खोटं बोलल्या नाहीत. वर्षं सांगितली.
कुष्टाने बोटं मोजायला घेतली आणि सोडून दिली.
"सांभाळील कोण?"
"सरकार."
"सोंद्याचो राजा गेलो. पोर्तुगीज गेलो.
हें खंयचें सरकार?"

बाईंनी पाण्याची बाटली उघडली, पुन्हा बंद केली.

मी विरोधात आहे असं नाही.
माझ्या आईचं वाफेचं यंत्र रात्री तीनला लागतं.
तळपणच्या बर्फाच्या कारखान्यात दोन तास वीज गेली
तर बांगडा रस्त्यावर ओततात, मी पाहिलंय.
आणि छत्तीसगडात कुणाचं तरी रान खणून
माझ्या डोक्यावरचा पंखा फिरतो, तेव्हा
त्या रानातल्या कुष्टाला
कुणी, काय, किती वेळा विचारलं होतं?
दुसऱ्याच्या परसात चूल मांडून
आपल्या ओसरीवर उजेड घेण्यात आम्ही पटाईत.
पण चूल आपल्या परसात येते म्हटलं
की राखेची आठवण होते.
हेही लिहायला हवं. कुठल्या रकान्यात, माहीत नाही.

परवा संध्याकाळी कुष्टा सबस्टेशनच्या फाटकाशी आला.
"म्हज्या बल्बांत कैग्याची कितली?"
मी म्हटलं, तारेत शिरली की सगळी एकच.
मानशीतून आत आलेलं पाणी
कुठल्या लाटेचं, सांगता येतं?
तो ऐकून घेतो आणि मानत नाही, तशी मान हलवली.
"दोन बल्ब आसात. एक तरी तांचो आसतलो.
गोठ्यातलो पालयतां आयज. पळय तुज्या काट्यार."

नऊ वाजता मी काट्यासमोर उभा राहिलो.
नऊ पाच. नऊ दहा.
आवृत्ती पन्नासच्या आसपास, नेहमीसारखी किंचित थरथरत.
काटा हलणार नव्हता, हे शिकवायलाच तर
मला तीन वर्षं आयटीआयत बसवलं होतं.

पेन उघडलं.
शेऱ्याच्या रकान्यात ‘काही नाही’ लिहिता लिहिता
‘काही’पाशी थांबलो, खोडलं,
आणि सरकारी वहीत, निळ्या शाईत, सहीनिशी लिहिलं :
२१.१०. कुष्टा वेळीप. गोठ्यातला एक. बंद.