ग्राहकास आवाज जाणवतो

जॉबकार्डावर तिसऱ्यांदा तेच छापून आलं:
'ग्राहकास आवाज जाणवतो.'
म्हणजे आवाज येत नाही,
मला जाणवतो,
जशी जळजळ, जसा वहीम.

अंबडच्या वर्कशॉपात काचेपलीकडे
माझी गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत.
टाय लावलेला निनाद गायधनी विचारतो,
"सर नाही आले का, मॅडम?"
सरांना गाडी येत नाही.
सर शेजारी बसतात
आणि द्वारका आली की डोळे मिटतात.

गाडी माझी आहे, निनाद.
बावन्नाव्या वर्षी,
पेठ रोडच्या आरटीओत रिव्हर्सला दोनदा नापास होऊन,
पतसंस्थेचे हप्ते अजून चालू असलेली.

पहाटे पाचला काढते.
आनंदवल्ली, सोमेश्वर, मग खांबांवरचे दिवे संपतात,
काच अर्धी खाली, नर्सऱ्यांमधून ओल्या कुंड्यांचा वास,
आणि तिसऱ्यातून चौथा पडतो तो क्षण:
मळता मळता कणीक
एकदम परातीपासून सुटते ना,
तसा.

पहिल्याच आठवड्यात घरी विचारलं,
काय आणायला गेली होतीस?
तेव्हापासून गिरणाऱ्याहून एक जुडी कोथिंबीर आणते.
तीन वर्षं होतील. निम्मी सडते.

आवाज डावीकडून, पुढून, खालून कुठूनतरी.
अडकित्त्यातून सुपारी निसटावी, तेवढाच.
दुगावच्या पुढे, कालव्याच्या पुलानंतरच्या वळणावर,
तिसऱ्या गिअरात, चाळिशीच्या आत.
पहिल्या खेपेला डिकीतला स्टीलचा डबा काढून
त्यांनी माझ्या हातात ठेवला: हा वाजत होता.
दुसऱ्या खेपेला गाडी धुऊन दिली.

वॉरंटीचे सहा दिवस राहिले तेव्हा म्हटलं,
माणूस द्या सोबत, मी चालवते.

दिला. अश्फाक कोकणी.
नखांत ऑइल, कानामागे पेन्सिल.
"टेस्ट ड्राइव्ह गरवारे पॉइंटपर्यंतच असते, मॅडम."
आवाज तिथे राहत नाही, मी म्हटलं.

त्याने एसी बंद केला. मलाही बंद केलं, हातानेच.
मग वाकून तळहात फ्लोअरवर टेकवला,
लेकराचा ताप बघतात तसा,
आणि पुलापर्यंत एक शब्द नाही.

वळण.
टुक्.
तो काहीच बोलला नाही. बोटाने दाखवलं: परत.
मी वळवली. टुक्.
परत.
चाऱ्याचा भारा घेतलेली बाई कालव्याकाठी थांबून
आम्हाला चार वेळा त्याच वळणावरून जाताना बघत राहिली,
मग कंटाळून निघून गेली.

"येतो," अश्फाक म्हणाला.
एवढंच.
जाणवतो नाही. येतो.
मला उगाच घसा खाकरावा लागला.

त्याचा फोन वाजला, सुपरवायझरचा. त्याने कापला.
"पुढे रस्ता कसाय?"
चांगलाय.
"चला मग, थोडं."
धरण दिसेपर्यंत गेलो. पाणी करडं, वारा बराच.
म्हणाला, रोज अठरा गाड्या चालवतो,
गेटपासून गेटपर्यंत.
पुढे काही बोलला नाही. मी चौथा टाकला,
तेव्हा मान किंचित हलवली,
दाद दिल्यासारखी.

पार्ट चाकणहून येणार, नऊ दिवसांनी.
वॉरंटी सहा दिवसांनी संपते.
"तक्रारीची तारीख धरतात, घाबरू नका,
तुम्ही तीनदा लिहून घेतलं ते बरं केलं."
कॉम्प्युटरने मात्र पुन्हा तेच वाक्य छापलं,
ते आधीच भरलेलं असतं म्हणे.
त्याखाली त्याने पेन्सिलीने लिहिलं:
येतो. पुढची डावी लिंक. अ. को.

घरी पोचायला दोन वाजले.
किल्ली टेबलावर.
"एवढा वेळ? काय आणलंस?"

काही नाही, म्हटलं.
चालवून आले.