स्वल्प

कॅबिनेटच्या पाठीवरचा मोठा पंखा नव्हे,
पॉवर सप्लायचाही नव्हे.
त्यांच्या खाली, मदरबोर्डाला चिकटून बसलेला,
काडेपेटीएवढा,
ज्याच्याकडे कुणी बघत नाही, तो.
महिनाभर घशात खडे घेऊन फिरत होता.

दिवसा कळायचं नाही.
निपाणीत आमच्या समोरच तंबाखूची वखार,
तिथल्या चाळण्यांत तो बुडून जायचा.
पण तायव्वा आली वखार सुटल्यावर.
तिचा आवाज मुळात बारीक,
पस्तीस वर्षं विड्या वळून मागे उरलेला.
नवऱ्याचं नाव विचारलं. खालून घर्रर्र.
पुन्हा विचारलं.
तिसऱ्यांदा विचारायची मला लाज वाटली
आणि मी 'शिवगोंडा' टाइप केलं.

होता तो सिदगोंडा.
मेलेला माणूस दीड अक्षराने दुसराच झाला.
फॉर्म चिकोडीहून परत आला
आणि तिचा एक खाडा पडला.

मग आप्पासाब मगदुमांना बोलावलं.
व्हॉल्व्हच्या रेडिओपासून हात बसलेला माणूस.
म्हणाले, या मापाचा पंखा आता येत नाही,
आहे त्याचंच बघायचं.
कॅबिनेट आडवं घातलं, बाजूचा पत्रा काढला.
पात्यांवर तपकिरी लेप.
नुसती धूळ नव्हती, तंबाखू होती.
ब्रश फिरवला आणि दोघंही शिंकायला लागलो,
सात, आठ,
पुढे मोजायचं सोडून दिलं.

नखाने मधलं स्टिकर उचललं.
खाली मोहरीएवढं भोक, कोरडं ठणठणीत.
शेजारच्या हसीना मुजावरकडून
शिलाई मशीनचं तेल आणलं.
मी सुईच्या टोकावर थेंब घेतला, मोठा घेतला.
"स्वल्प," मगदूम म्हणाले, "स्वल्प री.
जास्त झालं तर धूळच धरतंय ते."

स्वल्प.
अठरा वर्षं मी लग्नपत्रिकांत, जाहीर नोटिशींत
स्वल्पविराम टाकत आले.
बाजारात रोज ऐकते, साखर स्वल्प, थांब स्वल्प,
पण ही दोघं एकाच घरातली
हे कधी मनात आलं नव्हतं.
सुई झटकली, टोकाला राहिला तेवढाच
त्या भोकात सोडला.

मग सायकलच्या ट्यूबचे चार तुकडे कापून
स्क्रूखाली घातले, पंख्याची थरथर पत्र्याला लागू नये म्हणून.
सेटअपमध्ये जाऊन वेग दोन पायऱ्या उतरवला.
मगदूम पाऊण तास तिथंच बसून राहिले,
दर पाच मिनिटांनी बोट लावून बघत,
तापतंय का.
पैसे घेतले नाहीत. म्हणाले, तेलाचे हसीनाला द्या.
हसीनाने घेतले नाहीत ती गोष्ट वेगळी.

सोमवारी तायव्वा आली.
स्टुलावर बसली, इकडंतिकडं बघितलं.
"लाइट गेली काय गं? यंत्र बंद हाय न्हवं?"
"चालू आहे."
"मग बोलू?"
सिदगोंडा. एकदाच म्हणाली.
एकदाच पुरलं.

आणि मग, त्या गप्प खोलीत,
मला तिच्या छातीतली घरघर ऐकू आली.
श्वास आत जाताना नाही, बाहेर येताना.
मागच्या वेळीही असणार ती.

मी वय विचारलं.
तिला आठवायला वेळ लागला.
लागू दे.