साचा नसलेली ऑर्डर

वरणाला आज पुन्हा गुलाबाचा वास.
पातेलं वेगळं, डाव वेगळा, पुसायचं फडकंही वेगळं,
तरी एकशे ऐंशी चौरस फुटांत
वासाने किती सोवळं पाळायचं?
नवरा काही बोलला नाही.
लोणचं जरा जास्त घेतलं, इतकंच.

पलंगाखाली साबण आहेत, एकशे बारा,
कोऱ्या कागदावर, अंगाला अंग न लावता.
सहा आठवडे पडून राहायचं त्यांनी,
कॉस्टिकचा राग उतरायला तेवढे लागतात.
माझ्या मनगटावर पांढरा ठिपका आहे,
घाई केली होती त्या दिवसाचा.
माहीमची हवा खारी, दमट. साबणांना घाम फुटतो.
रात्री उठून मी त्यांची कूस बदलते,
सासूबाईंची बदलायचे तशी, शेवटच्या वर्षी.

लेबलवर लिहिते 'लॅव्हेंडर'.
लॅव्हेंडर मी पाहिलेलं नाही.
प्रिन्सेस स्ट्रीटचा भद्रेशभाई ज्या बाटलीला लॅव्हेंडर म्हणतो
ते लॅव्हेंडर.

सोमवार-मंगळवार मेणाचे.
बुधवारी नोव्हेना. पहाटे पाचला
जेसिंतामावशी टोपली घेऊन जिन्याखाली:
"किती पाय आणलेस गं?"
पाय चाळीस, हात तीस, डोळे जोडीने,
बाळं पंचवीस, घरं साठ.
घरं कधीच उरत नाहीत.
पाय उरतात, ते मी पुन्हा वितळवते,
आणि पुढच्या आठवड्यात त्याच मेणातून
कुणाचं तरी काळीज निघतं.
त्याला कुठे माहीत, आपण आधी गुडघा होतो.

जिन्यात कमिटीची चिठ्ठी लागली आहे,
'राहत्या जागेत धंदा करणाऱ्यांनी नोंद घ्यावी.'
मी नोंद घेतली.
कारखानीसवहिनींना कडुनिंबाचे दोन साबण दिले.
चिठ्ठी अजून तिथेच आहे, पिवळी पडत.

मागच्या सोमवारी मिस्किटा अंकल थेट दारात.
कडक इस्त्रीचा शर्ट, बटणं एक घर चुकलेली.
म्हणाले, आवाज पाहिजे.
म्हटलं, म्हणजे घसा? की जीभ?
जिभेचा साचा आहे माझ्याकडे, बिस्किटांच्या डब्यात.
नको म्हणाले. जीभ आहे तिची जागेवर.
घशात डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं, घसाही ठीक.
झटका आल्यापासून शब्दच गेलेत.
एकच राहिलाय. चावी.
भूक लागली, चावी. पंखा लावा, चावी.
मुलाचा फोन आला मस्कतहून,
तर फोन छातीशी धरून, चावी, चावी, चावी.

मी त्यांना पाणी दिलं.
उद्या बघते म्हटलं, जसं दुकानदार म्हणतात
परत येऊ नये म्हणून.

रात्री नवरा झोपल्यावर
गोदरेजच्या कपाटाची चावी काढली, तीच जाडजूड आहे,
आणि ओल्या प्लास्टरमध्ये दाबली.
पहिली ओतली, मानेशी मोडली.
दुसरीचे दात आले नाहीत.
तिसरीत पाय वितळवलेलं मेण घातलं, दोनदा आटलेलं, चिवट.
ती अख्खी निघाली.
वात कुठून घालायची कळेना, मग घातलीच नाही.

मंगळवारी अंकलनी ती रुमालात घेतली.
कितीला, म्हणाले.
हाताचे पन्नास, घराचे साठ, चावीचा भाव मी ठरवलेला नव्हता.
त्यांनी साठ ठेवले, सुटे,
आणि साबण एक मागितला. वासाचा कुठलाही.

आज बुधवार. नऊला जेसिंतामावशी वर आली, धापा टाकत.
मोडकी चावी टोपलीत चुकून गेली होती,
दुसरी, दात नसलेली.
"तीन जणांनी विचारली. घर मागणारी माणसं, बाई,
म्हणतात घराबरोबर चावीपण वाहायची.
पुढच्या खेपेला वीस दे."

वहीत लिहिलं, चावी, वीस नग.
भावाचा रकाना अजून कोराच आहे.
मिस्किटा अंकलचं काय झालं, विचारायला हवं होतं,
तोवर मावशी खाली उतरली होती.

आणि आमचं कपाट आता उघडत नाही.
चावीच्या दातांत प्लास्टर बसलंय.
टाचणीने कोरत बसले आहे मघापासून,
आत नवऱ्याचे पगाराचे कागद, माझा शालू,
आणि साबणाच्या पहिल्या घाण्यातली एक वडी,
जी विकली नाही.