जुनी पुडी

पोलोग्राउंडच्या ऑफिसातून सुटतो सहाला.
दिवसभर लोकांची बिलं, लोकांचे मीटर,
"साहेब, एवढी वीज आम्ही जाळली तरी कुठे?"
घरी येऊन हात धुतो, बोटांना पावडर लावतो.
पावणेआठ ते साडेआठ माझे.
साडेआठला खालचे चौबेजी जेवायला बसतात
आणि माझा धा त्यांच्या डाळीत पडतो,
असं ते म्हणतात.

म्हणून उशीर झाला की तबल्यावर टॉवेल.
टॉवेलखालचा तबला म्हणजे
शेजारच्या घरात कुणी कणीक तिंबतंय.
डग्गा तर नुसता ढेकर.

सोबतीला मोबाईलमधला लेहरा.
तो थकत नाही, चहा मागत नाही,
चुकलो तर भुवई उचलत नाही,
जमलं तर मानही डोलवत नाही.
काल अकराव्या मात्रेवर फोन आला:
"सर, पर्सनल लोन?"
मी बोटं थांबवली, मोजणं नाही.
बारा, तेरा, नहीं चाहिए, पंधरा, सोळा,
समेवर नेमका येऊन पडलो
आणि लेहरा बारावर.
तो जिथे झोपला होता तिथूनच उठला.
खोलीत दोन समा झाल्या,
दोन्ही बरोबर.

कायदा तोच, बावीस वर्षांचा.
ठायीत छान. दुगुणीत बरा.
चौगुणीत तिसऱ्या पलट्यातला दुसरा तिरकिट:
जिना संपला असं वाटावं
आणि एक पायरी उरलेली असावी, तसा.
मुळ्ये मास्तर म्हणाले होते,
"नोकरी लागली? वा! आता निवांत वाजव."
मी त्यांच्यापुढे पेढ्यांचा पुडा धरून उभा.
त्या निवांतचा अर्थ
चाळिशीचा चष्मा लागल्यावर वाचता आला.

गुरुवारी दत्ताच्या देवळात साथ.
शालनताई अंतऱ्याला चढताना
अर्धी मात्रा बाहेर चपलांपाशी विसरतात.
मी जाऊन घेऊन येतो, दर गुरुवारी,
कुणाला कळणार नाही अशा बेताने.
कुणाला कळत नाही.
प्रसाद घेताना कुणीतरी म्हणतं,
"पेटी काय सुंदर झाली आज!"

या महिन्यात शाईला तडे गेले.
ना म्हटलं की आत कुणी फुटाणे खातंय.
शनिवारी जुन्या इंदूरात मकसूदभाईंकडे.
त्यांनी वादी सोडली, पुडी उतरवली,
एक्स-रे धरावा तशी उजेडात धरली.
"पहली उँगली थोड़ी बाहर गिरती है आपकी।"
कुणी सांगितलं तुम्हाला?
"ये देखो ना भिया, चमड़ी ने।"

किनारीच्या बाहेर, गजऱ्याला लागून,
करंगळीच्या नखाएवढा काळपट डाग.
सहा वर्षं मी त्याच्यावर रोज सही करत होतो.
आधीच्या पुड्यांवरही असणार.
त्या मी पाहिल्याच नव्हत्या,
फुटल्या की तोंड फिरवून पैसे दिले होते.
"पुरानी फेंक दूँ?"
नको, द्या.

मेथीच्या जुडीबरोबर पिशवीतून घरी आणली.
हेमलता म्हणाली, "चामडं आहे ते, ओट्यावर नको."
मग ती स्टॅबिलायझरवर.
मुलगी म्हणाली, "बाबा, हे ग्रहण लागल्यासारखं दिसतं."
आणि अभ्यासाला गेली.

रात्री नवी पुडी.
इतकी बोलते की तिच्या तोंडावर हात ठेवावा.
आज टॉवेल नको म्हटलं, एक दिवस.
डाग आठवून बोट आत घेतलं.
ना कसा स्वच्छ आला,
घासलेल्या पितळेसारखा.
जरा वेळ नुसता ना.
मग ठाय. मग दुगुण.
चौगुण, दुसरा पलटा, तिसरा,
दुसरा तिरकिट

तिथेच.

फक्त आता फार स्पष्ट ऐकू आलं.
घड्याळात आठ बत्तीस.
खालून छताला दांड्याचे तीन ठोके.
तिसरा जरा मागे पडला.