मेल्या

हडर्सफील्डच्या स्मशानगृहात आज
शे-दीडशे म्हातारे, काठ्यांसकट.
एकीने तीच हँडबॅग आणली आहे
जी चौऱ्याहत्तर साली त्याच्या टाळक्यात घातली होती.
अजून सांगते, आत साबणाची वडी होती, मुद्दाम.

पोस्टरवर तो 'बेलिफ'.
काळी टोपी, काळा डगला, काखेत जप्तीचा कागद.
कुस्तीआधी पहिल्या रांगेसमोरून फिरायचा
आणि कुणाची खुर्ची, कुणाचा मफलर, कुणाची बायको
जप्त झाल्याचं जाहीर करायचा.
अख्खा टाउन हॉल उभा राहायचा शिव्या द्यायला.

ह्यांना ते पटायचं नाही.
सांगलीकडच्या तालमीत अंगाला माती लावलेला माणूस.
"ही कसली कुस्ती? आधी ठरलेली!"
म्हणत तिकिटं मात्र दर शनिवारी दोन.

मला कुस्ती कळत नव्हती, इंग्रजी बेताचंच.
मी आपली ओरडायचे, मेल्या! अरे मेल्या!
शेजारच्या डोरीनने विचारलं, म्हणजे काय गं?
म्हटलं, काही नाही, नाव आहे.
मग तीही ओरडू लागली, मग तिची रांग.
त्यांच्या तोंडात त्याचं 'मेलिया' झालं,
कुंडीतल्या एखाद्या फुलासारखं.

तो हिवाळा वाईट होता.
दुकानाच्या काचेवर खडूने लिहायचे, परत जा.
मी आतून बघायचे, अक्षरं उलटी दिसायची.
शनिवारी त्यांच्यातलेच कुणी माझ्या मागे बसलेले असायचे,
आणि दोन तास आम्हा सगळ्यांना
एकाच माणसाचा राग यायचा.
सोमवारपर्यंत पुरायचं तेवढं.

एका मंगळवारी दाराची घंटी वाजली.
मी कात्री घट्ट धरली.
टोपी हातात, डगला दुसऱ्या हातात,
नाव म्हणाला स्टॅन्ली बूथरॉइड.
"मिसेस कारखानीस, खांद्याची शिवण जरा कच्ची ठेवाल?
पहिल्या झटक्यात उसवली पाहिजे.
लोक त्यासाठी लांबून येतात."

सात वर्षं.
दर मंगळवारी कच्चा दोरा, दर शनिवारी चर्रर्र.
पैसे चोख, वर मिंटच्या गोळ्यांची पुडी.
हे म्हणायचे, ठरलेली असते गं सगळी,
आणि मी खाली मान घालून बटणं शोधायचे.
डोरीनलाही सांगितलं नाही.

एक्क्याऐंशीत हॉलमधल्या कुस्त्या बंद झाल्या.
शेवटचा शनिवार झालाच नाही.

आज पाद्री म्हणतो, मृदू स्वभावाचे गृहस्थ,
बागेची आवड.
लोक खुर्च्यांत चुळबुळतात.
त्याला हे सोसलं नसतं, ही शांतता.
शवपेटीवर तो डगला पसरला आहे.

मग मागून, दमेकरी, बारीकसा एक आवाज:
बूऽऽ
पहिल्या रांगेतली त्याची मुलगी गर्रकन वळली.
रडत होती. हसली.
हाताने खूण केली, अजून. अजून.
आणि मग जी हुर्यो उठली,
पाद्रीबाबांनी पुस्तक मिटून टाकलं,
साबणवाली हँडबॅग गरगर फिरवू लागली.

डोरीनने कोपर मारलं. "तुझा तो शब्द, ओरड ना!"
तोंड उघडलं मी.
आला नाही.
इतकी वर्षं सहज फेकलेला शब्द,
आज त्याचा अर्थ लागत होता, अगदी शब्दशः.
डोरीनच ओरडली शेवटी, मेलिया! मेलिया!
मागच्या रांगा तिच्यामागून, काहीही न कळता.

मला दिसत होता माझा दोरा.
डाव्या खांद्यावर, लांब लांब टाके,
न झालेल्या शनिवारसाठी घातलेले.

पडदा सरकायच्या आत उठले.
गुडघे दुखतात, वेळ लागला.
कुणाला वाटलं असेल बाई फूल ठेवायला चालली,
किंवा त्यांच्यात नमस्काराची रीत असेल.
दोरा चिमटीत धरला
आणि दिला एक झटका.

उसवल्याचा आवाज कुणाला आला नसणार,
इतकी हुर्यो चालली होती.