पस्तीस पौंड

नियम एवढाच: पाठीवर पस्तीस पौंड.
निघताना कुणी तोलत नाही, पोचल्यावर तोलतात.
कशाचे, ते ज्याचं त्यानं ठरवायचं.
पोरं विटा घालतात, नाहीतर व्यायामशाळेतल्या चकत्या.
मी घेवडा घातला, ठिपक्यांचा,
पाच-पाच पौंडांच्या सहा पिशव्या,
सॅक धरून पस्तीस, वर दोन मुठी.
संध्याकाळी तो गावच्या अन्नकोठारात द्यायचा होता.

सोकोरोच्या पोस्टात बावीस वर्षं पार्सलं तोलतेय मी.
काटा नंतर, आधी मनगटाला कळतं.

पहाटे अंधारात हजेरी झाली.
एकेक नाव पुकारायचे आणि थांबायचे.
कुणी "हजर" म्हणत नव्हतं.
माईकमध्ये वारा फुरफुरत होता.
एलिसेओ बाका, शिपाई.
माझ्या आजोबांचा धाकटा भाऊ.
तो बातानहून जिवंत परतला हे ऐकून
लोक म्हणतात, बरं झालं.
झालं असेल.
मरेपर्यंत त्यानं ताटात शीत उरू दिलं नाही,
स्वतःच्या आणि आमच्याही.
मी सात वर्षांची असताना एकदाच बोलला:
पायातला मोजा काढून त्यात मूठभर तांदूळ बांधला होता,
शेजारी चालणाऱ्याला कळू दिलं नाही.
शेजाऱ्याचं नाव मी विचारलं.
तो कोंबड्यांना दाणे टाकायला उठून गेला.

आठव्या मैलापर्यंत मी गप्पा मारत होते.
चौदाव्याला डाव्या टाचेचा फोड फुटला,
मोजा ओला झाला, मग गरम, मग कुणा दुसऱ्याचा.
डोंगर दिवसभर उजवीकडे होते
आणि जवळ येत नव्हते.
मग वाळू. घोट्यापर्यंत.
एक पाऊल टाकावं तर अर्धं परत घेते,
सावकारासारखी.
एक कॅडेट बसून रडत होता, बूट काढून.
मी त्याला मिठाची गोळी दिली.
थांबले मात्र नाही.
थांबले असते तर उठले नसते,
हे मी स्वतःला सांगितलं, मोठ्यानं.

बावीसाव्या मैलावर खांदे सैलावले.
ओझं हलकं लागायला लागलं.
वाटलं, आता अंगवळणी पडलं.
बावीस वर्षांचं मनगट,
आणि पाठीनं मला फसवलं.

काट्यावर एक तरुण सार्जंट होती,
नाकावर उन्हानं सोललेली कातडी.
तेहतीस, ती म्हणाली.
पुन्हा ठेवली. तेहतीस.
सॅकची शिवण तळाशी उसवली होती, बोटभर.
"सॉरी, मॅडम," असं म्हणाली
जसं मी खिडकीतून रोज म्हणते,
तिकीट कमी पडलंय.

पाऊण तासानं प्रिमितिव्हो आला.
लास क्रूसेसचा, निवृत्त नर्स, एकाहत्तर वर्षांचा,
बिनओझ्याच्या गटातला.
आदल्या वर्षी पाण्याच्या टेबलापाशी ओळख झाली होती.
निळी टोपी उलटी धरून चालत होता,
भरलेलं भांडं न्यावं तशी.
टोपीत घेवडा.
"वाळू संपली तिथून दिसायला लागला," म्हणाला,
"आधी वाटलं, कुणी खुणेसाठी टाकलाय.
मग वाटलं, असं कुणी टाकेल का?"
वाकून वाकून त्याची कंबर गेली होती.
त्याचा बाप त्याच रस्त्यावर होता, तिकडच्या.
हे तो सहज बोलला, पाणी मागता मागता.

काटा तोवर आवरून ट्रकमध्ये चढवला होता.
असता तरी उपयोग नव्हता.
टोपी मी हातात घेतली.
पौंडाला थोडी कमी.
उरलेला वाटेत. मुंग्यांचा.

पिशव्या कोठारात दिल्या.
टोपीतला घेवडा घरी आणला,
परातीत पसरून दिव्याखाली निवडला,
तीन पाण्यांनी धुतला, रात्रभर भिजवला,
लाल मिरची घालून शिजवला.
पुढच्या रविवारी प्रिमितिव्हो जेवायला आला.
दोघंही हळूहळू चावत होतो.
कितीही निवडा,
दाताखाली वाळू येतेच.
ताटात मात्र काही उरलं नाही.